स्पिटफायरच्या आधी एक साधं विमान

पत्र: मी माजिवड्याला राहतो, वय 36. दीड वर्षापूर्वी रेडिओवर उडणारं फोमचं हाय विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ मॉडेल विमान, घेतलं. तीन चॅनल, पंख 1.2 मीटर, बॅटरीसकट वजन 960 ग्रॅम. भातकापणी झाली की पडघ्याजवळ मामांच्या शेतात रविवारी सकाळी उडवतो. आतापर्यंत 60 उड्डाणं झाली, शेवटच्या 20 मध्ये काहीही मोडलं नाही. आता नवीन काहीतरी हवंसं वाटतंय. 1.1 मीटरचं स्पिटफायर, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल, मनात भरलंय. रेडिओ सहा चॅनलचा आहे, 3एस 2200 च्या (तीन सेलच्या, 2200 एमएएच) तीन बॅटऱ्या आहेत आणि 12 हजार रुपये बाजूला काढलेत. एक मित्र म्हणतो, जायरो, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण, बसवला की कुठलंही विमान उडतं. दुसरा म्हणतो, थेट जेटच घे. बायको म्हणते, हे मोडलं तर पुढचं नाही. काय घेऊ? आणखी दोन गोष्टी. खारघरला मेहुण्याच्या घराजवळ मोठं मैदान आहे, तिथे उडवलं तर चालेल का? आणि स्कूटरवर मागे बसून विमान धरणारी माझी 11 वर्षांची भाची आता स्वतः उडवायचं म्हणते.
एक वाचक, माजिवडा, ठाणे

नमस्कार.

तुमच्या पत्रात मी तीन शब्दांवर थांबलो: "भातकापणी झाली की". म्हणजे तुमची धावपट्टी वितभर धसकटांची, मध्ये उन्हाने कडक झालेले बांध, आणि एका खाचरातून दुसऱ्यात जाताना हातभर उतार. कुठलं विमान घ्यायचं हे निम्मं तिथेच ठरलं. उरलेलं निम्मं, ट्रेनरने तुम्हाला काय शिकवायचं राहून गेलं यावरून ठरेल. स्पिटफायर या दोन्हींत बसत नाही. आत्ता घेऊ नका.

कारण सांगतो. तुमच्या ट्रेनरचे पंख समोरून पाहा, दोन्ही टोकं वर उचललेली दिसतील. हा डायहेड्रल. विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरायला लागतं, घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान आपलं आपण सरळ होतं. तीन चॅनलच्या विमानात उजव्या हाताने तुम्ही वळवता तो असतो रडर, शेपटीवरचं उभं पातं. तो फक्त नाक फिरवतो, कलण्याचं काम डायहेड्रल करतो. म्हणजे 60 उड्डाणांत विमान कलतं करणं आणि ते परत सरळ करणं, यातलं दुसरं काम तुमच्या हाताने कधी केलेलंच नाही. ते विमान करत आलं.

एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची हलणारी पाती, असलेल्या विमानात स्टिक मध्ये आणली तरी विमान ज्या कलात आहे त्याच कलात राहतं. सरळ करायला उलटी स्टिक द्यावी लागते, आणि तीही नेमकी तेवढीच. विमान आपल्याकडे येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, ट्रेनरवर तिथे थोडा गोंधळ झाला तरी विमान सांभाळून घ्यायचं. नवीन विमान सांभाळून घेणार नाही. शिवाय तुमचा डावा अंगठा आजवर थ्रॉटलपुरताच, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करण्यापुरताच वापरला गेलाय. त्याला आता रडर शिकायचाय. एवढं शिकणं पुरेसं आहे. यात घाईने उतरणारं, जड विमान आणखी वर ठेवू नका.

माझं दुसरं विमान मस्टँग होतं, तेही युद्धविमानाचंच मॉडेल. तेव्हा मलाही ट्रेनर पोरकट वाटायला लागलं होतं आणि क्लबमधल्या मोठ्या माणसांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. तीन उड्डाणं चांगली झाली. चौथ्याला उतरवताना शेवटचं वळण लांबलं, विमान शेताच्या रेषेपलीकडे जाईल असं वाटून मी एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं, ओढला. आतला पंख खाली जाऊ लागला तसा उलटा एलेरॉन दिला. ट्रेनर असतं तर मुकाट्याने वळलं असतं. मस्टँगने तो पंख एकदम टाकला, पाठ दाखवली आणि बांधात नाक खुपसलं. दोन मजल्यांच्या उंचीवर सावरायला जागाच नसते. मोटरचा शाफ्ट वाकला, पंखाचे दोन तुकडे झाले. घरी येऊन कितीतरी दिवस मी ती वेळ डोक्यात पुन्हा पुन्हा चालवली. नेमकं काय घडलं ते कळलं तेव्हा लक्षात आलं की चूक शिकाऊ माणसाची होती आणि विमान शिकाऊ माणसाचं नव्हतं.

घडलं ते असं. वळणात आतला पंख सगळ्यात हळू चालतो. त्यात नाक वर ओढलं की दोन्ही पंखांचा हवेशी कोन वाढतो. खाली जाणारा पंख उचलायला त्याचा एलेरॉन खाली केला की टोकाशी तो कोन आणखी वाढतो. युद्धविमानांचे पंख टोकाकडे निमुळते असतात, आणि मॉडेलच्या आकारात अरुंद टोक रुंद मुळापेक्षा आधी हवा सोडतं, म्हणजे त्याची उचल जाते. याला टिप स्टॉल म्हणतात. खऱ्या स्पिटफायरचे पंख टोकाकडे किंचित खाली मुरडलेले होते ते याचसाठी, म्हणजे मुळाशी आधी थरथर जाणवावी आणि वैमानिकाला इशारा मिळावा. फोमच्या छोट्या मॉडेलमध्ये ती मुरड पुरेशी असेलच असं नाही. आणि जमिनीवर उभं राहून थरथर आपल्याला जाणवतही नाही.

आता थोडा हिशेब, कारण विमान घ्यायच्या आधी हा हिशेब तुम्ही स्वतः करावा असं मला फार वाटतं. उडतं वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ, म्हणजे विंग लोडिंग. क्षेत्रफळ चौरस डेसिमीटरमध्ये घ्या, म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरचे चौकोन मोजा. तुमचं ट्रेनर 120 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद पंखांचं धरलं तर 24 चौकोन, वजन 960, लोडिंग 40 ग्रॅम. 1.1 मीटरच्या स्पिटफायरचा पंख सरासरी 17 सेंटिमीटर रुंद आणि वजन 1300 ग्रॅम धरलं तर 18.7 चौकोन आणि लोडिंग जवळपास 70. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचल सोडतो तो वेग, लोडिंगच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे तुमचं ट्रेनर ताशी 28 किलोमीटरला उचल सोडत असेल तर हे विमान 37 ला सोडेल. आपटताना जी ताकद फोमवर आणि मोटरवर येते ती वजन आणि वेगाचा वर्ग या दोन्हींनी वाढते. ती सव्वादोन पटीहून जास्त होते. वहिनी म्हणतात ते या आकड्यांतही दिसतंय.

शिवाय चाकं. स्पिटफायरची चाकं बाहेरच्या बाजूला दुमडतात, त्यामुळे खाली काढल्यावर एकमेकांच्या जवळ असतात. गुळगुळीत धावपट्टीवरही ते डुलतं. मस्टँगची चाकं आत दुमडतात, म्हणून ती रुंद फाकलेली असतात. मामांच्या खाचरात यांच्यात फरक राहणार नाही, दोन्ही नाकावर उलटतील. बिनचाकांचं घेऊन हातातून फेकायचं म्हणाल, तर 70 ग्रॅम लोडिंगचं विमान फेकायला चांगला सरावलेला हात लागतो आणि एलेरॉनवरची पहिली दोन सेकंद तुमच्या अंगठ्यावर पडतील. नको.

मग घ्यायचं काय?

मी तुमच्या जागी असतो तर अग्ली स्टिकच्या घाटाचं विमान घेतलं असतं. 1960 च्या दशकात अमेरिकेचे फिल क्राफ्ट यांनी हा घाट काढला. दिसायला चौकोनी खोकं आणि त्यावर फळी. पण ती फळी कशी आहे ते पाहा: मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीची, वर-खाली सारखी फुगीर, डायहेड्रल जवळपास नाही. टोक निमुळतं नसल्यामुळे स्टॉल मुळापासून सुरू होतो आणि पंख एकदम टाकण्याऐवजी विमान नाक खाली घालून थोडं बसतं. तेवढ्यात थ्रॉटल दिलं की पुन्हा उडायला लागतं. पंख दोन्हीकडून सारखा फुगीर असल्यामुळे उलटं उडवताना फारसा फरक पडत नाही. लूप, रोल, उलटं उड्डाण, स्टॉल टर्न, हे सगळं या एका विमानावर शिकता येतं. पुढचं वर्षभर ते तुम्हाला पुरेल.

माप सांगतो. पंख 115 सेंटिमीटर लांब, 22 रुंद. उडतं वजन 1150 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे 25 चौकोन आणि लोडिंग 45 च्या आसपास. ट्रेनरच्या 28 च्या जागी साधारण 30 ला बसणारं विमान. उतरताना हात ओळखीच्या वेगात राहील, आणि नवीन काय ते फक्त एलेरॉन आणि रडर.

ताकदीचा जुना अंदाज आहे: कसरतीच्या विमानाला किलोमागे सुमारे 220 वॅट. तुमच्या विमानाला 250 वॅट लागतील. 3एस बॅटरी 11.1 व्होल्टची, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला 23 अँपिअर. 40 अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, घ्या, उन्हात तो फारसा गरम होत नाही. तुमच्या 2200 च्या तिन्ही बॅटऱ्या जशाच्या तशा चालतील, हा या निवडीचा मोठा फायदा. 4एसचं विमान घेतलं असतं तर निम्मे पैसे बॅटऱ्या आणि चार्जिंगमध्ये गेले असते. टायमर पाच मिनिटांचा लावा आणि उतरल्यावर प्रत्येक सेलमध्ये 3.7 व्होल्ट उरलेत का ते पाहा. त्याखाली जात असेल तर टायमर कमी करा.

पंख अंगाच्या वरच्या बाजूला बसतो, हेही तुमच्या शेतासाठी बरं. लो विंग विमानाचा पंख धसकटांना घासतो, एक टोक अडकलं की विमान गरकन फिरतं. शहरातल्या सपाट मैदानावर उडवणाऱ्याला मी लो विंग स्पोर्ट विमानच सांगितलं असतं, तुम्हाला नाही सांगणार. चाकं मोठी घ्या, 75 मिलिमीटरच्या खाली नको, मऊ फोमची. दोन पुढे आणि शेपटीला एक छोटं, म्हणजे टेलड्रॅगर. पुढचं तिसरं चाक धसकटात अडकून वाकतं, हे तुम्ही ट्रेनरवर पाहिलं असेल. टेलड्रॅगर पळताना मोटरच्या जोराने डावीकडे ओढ घेतो आणि उजवा रडर देऊन त्याला सरळ ठेवावं लागतं. डाव्या अंगठ्याची शाळा तिथूनच सुरू होते. मामांना विचारून एका मोठ्या खाचरात 30 पावलांची पट्टी विळ्याने जमिनीलगत साफ करून घ्या. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे.

विमान स्वतः बांधा. तुमच्यासारखा माणूस 60 उड्डाणांत गोंद आणि टेपशी खेळलेला असणारच. 6 मिलिमीटर डेप्रॉन (फोमचे पातळ तक्ते), पंखात आरपार कार्बनची नळी, पुढे मोटर बसवायला प्लाय. मोटर, ईएससी, पाती हलवणारे चार सर्व्हो, एक वेगळा रिसीव्हर आणि डेप्रॉन, सगळं 12 हजारांत बसून दोन-तीन प्रॉपेलर आणि एका जास्तीच्या सर्व्होला पैसे उरतील. बाहेरून येणारी मोठ्या टायरांची, फ्लॅपवाली तयार विमानं सुंदर असतात, पण तुमच्या पैशांत बसणार नाहीत. आणि त्यांचा एक सर्व्होचा कंस मोडला तर सुटा भाग येईपर्यंत हंगाम संपेल. डेप्रॉनचं नाक मोडलं तर शनिवारी रात्री नवीन कापून रविवारी उडवता येतं. गोंदाचं मात्र लक्षात ठेवा. तुमचं ट्रेनर ईपीओ फोमचं असेल तर त्याला साधा सुपरग्लू चालला असेल. डेप्रॉन त्याने विरघळतं. फोमसेफ गोंद, हॉट ग्लू किंवा इपॉक्सी वापरा, आणि हॉट ग्लू शेपटीकडे कमी लावा, तिथलं प्रत्येक ग्रॅम पुढे नाकात दोन-तीन ग्रॅम मागतं.

पंख रबर बँडने बांधा. दिसायला गावठी दिसेल, पण बांधावर आपटला तर पंख फाटण्याऐवजी सुटून बाजूला पडतो. आणि स्कूटरवर नाशिक महामार्गाने जाताना भाचीच्या हातात अख्खं विमान देऊ नका. ट्रकच्या झोताने पंख उचलला तर ती तोल सावरू शकणार नाही. पंख सुटा काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तिच्या आणि तुमच्या मध्ये उभा ठेवा, धड पाठीवरच्या पिशवीत. पंखाची वरची बाजू फिकट रंगवा आणि खाली रुंद काळे पट्टे ओढा. या घाटाचं विमान आकाशात सगळीकडून सारखंच दिसतं, पोट कुठलं आणि पाठ कुठली हे एका नजरेत कळायला हवं. काळा रंग फार मोठ्या भागावर नको. एप्रिलच्या उन्हात काळा फोम मऊ पडून मुरडतो.

जायरोबद्दल तुमच्या मित्राला अर्धंच माहीत आहे. वाऱ्यात विमान डचमळतं तेव्हा जायरो ते गुळगुळीत करतो, हे खरं. पण वेग कमी पडला आणि पंख खाली जाऊ लागला की जायरोही तेच करतो जे मी मस्टँगवर केलं: खालच्या पंखाचा एलेरॉन खाली देतो. स्टॉलपासून तो वाचवत नाही, कधीकधी लोटतो. त्यातला आपोआप सरळ करणारा मोड तर घेऊच नका, ट्रेनरचा डायहेड्रल तारांमधून परत आणल्यासारखं होईल आणि तुम्ही पुन्हा काही शिकणार नाही. पहिली 20 उड्डाणं जायरोशिवाय करा. नंतर बसवलात तर हातात धरून विमान उजवीकडे कलवा, उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. वर गेला तर जायरो उलटा आहे, उडवू नका.

जेटचं एवढंच: फोमचं ईडीएफ जेट (नळीतल्या विजेच्या पंख्यावर चालणारं) जास्त करंट ओढतं, थ्रॉटल दिल्यावर उशिरा वेग घेतं आणि त्याला पक्की धावपट्टी लागते. तुमच्या शेतात त्याला जागा नाही.

विमान तयार झालं की गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, दोन बोटांवर तोलून पाहा. 22 सेंटिमीटर रुंद पंखाला पुढच्या कडेपासून 6 सेंटिमीटरवर खूण करा आणि बॅटरी मागे-पुढे सरकवून तिथे आणा. शेपटी जड राहिली तर विमान हातात येत नाही. नाक थोडं जड चालेल. एलेरॉन वर-खाली 10-12 मिलिमीटर, त्याहून जास्त पहिल्या दिवशी नको. एक्स्पो, म्हणजे मधल्या भागात स्टिक मवाळ करणारी सेटिंग, 30 टक्के ठेवा आणि रेडिओच्या पडद्यावरचा आलेख पाहा, मधला भाग सपाट दिसला पाहिजे. कंपनीगणिक अधिक-उण्याची चिन्हं बदलतात, आलेख फसवत नाही.

आणि प्रत्येक उड्डाणाआधी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, विमानामागे उभं राहून उजवी स्टिक उजवीकडे ढकला. उजवा एलेरॉन वर, डावा खाली. तुमच्या रेडिओत आता दोन विमानं असतील. ट्रेनरची मेमरी चालू ठेवून नवीन विमान उडवलं तर दिशा उलट्या असू शकतात, आणि उलट्या एलेरॉनचं विमान वाचवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः एकदा सर्व्हो बदलल्यावर हे तपासलं नाही. हातातून सुटल्यापासून जमिनीपर्यंत तीन सेकंद लागले.

पहिल्या सकाळी सातपर्यंत शेतात पोहोचा. तुम्ही ओळखत असालच, हिवाळ्यात नऊपर्यंत वारा पडलेला असतो आणि अकरानंतर पश्चिमेचा वारा उठतो. आधी ट्रेनर उडवा, हवा कशी आहे ते हाताला कळू द्या. मग नवीन विमान झाडांच्या दुप्पट उंचीवर न्या, ट्रिम करा, म्हणजे स्टिक सोडली तरी सरळ उडेल असं जुळवा, आणि तिथेच थ्रॉटल बंद करून नाक वर धरत स्टॉल करून पाहा. तीनदा, चारदा. कुठल्या क्षणी बसतं, कुठल्या बाजूला झुकतं हे पाहून घ्या. उतरवताना ट्रेनरची सवय आड येईल: ट्रेनरवर आपण थ्रॉटल बंद करून तरंगत खाली येतो. इथे पाव थ्रॉटल जमिनीपर्यंत ठेवा. शेवटचं वळण मोठं आणि कमी कलतं घ्या. वळण लांबलं तर एलिव्हेटर ओढू नका, थ्रॉटल देऊन निघून जा आणि पुन्हा या. पहिल्या दिवशी पाच वेळा येऊन पाचही वेळा निघून गेलात तरी काही बिघडत नाही.

पडघ्याला 400 केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे, तिथून सगळीकडे टॉवरच्या तारा गेल्यात. उडायची बाजू अशी धरा की तारा तुमच्या पाठीमागे राहतील. विमान तारेत अडकलं तर ते विमान गेलं, काठी घेऊन कोणी वर जायचं नाही, भाचीला हे आधीच सांगून ठेवा. संक्रांतीच्या आसपास मांजा पाहा. घार विमानाभोवती घिरट्या घालायला लागली तर विमान खाली आणा, हद्द तिची आहे.

खारघरला उडवू नका. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडतात. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. उलवे, पनवेल, बेलापूर आणि खारघरचा बराच भाग या आतल्या वर्तुळात येतो. मैदान पूर्वी चालायचं, सगळेच उडवायचे, असं मेहुणा म्हणेल, आणि ते खरंही असेल. तेव्हा धावपट्टी नव्हती. ठाण्यातही येऊर आणि कोलशेतला हवाई दलाची केंद्रं आहेत, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि खाडीकाठी फ्लेमिंगो अभयारण्य. या जागा मनातून काढून टाका. नवीन शेत धरलं तर डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर (कुठे उडवता येतं हे तो रंगांनी दाखवतो) त्याचा रंग पाहा, आणि पोलिस आयुक्तालयाचा मनाई आदेश चालू नाही ना तेही. विमान 2 किलोच्या आत आहे आणि तुम्ही हौसेसाठी उडवता, म्हणून रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. माझी मापं त्याच्या खूप आत आहेत. उंची 400 फुटांच्या खाली आणि विमान डोळ्यांसमोर.

पावसाळ्यात शेत मिळणार नाही, ते चार महिने वाया घालवू नका. पिकासिम हा सिम्युलेटर फुकट मिळतो. त्यावर एलेरॉनचं विमान घेऊन फक्त एकच गोष्ट करा: विमान आपल्याकडे येत असताना ते सरळ ठेवणं. रोज दहा मिनिटं. लूप आपोआप येतील.

स्पिटफायर तुम्ही घ्यालच, आणि घ्यावं. या विमानावर 50 उड्डाणं होऊ द्या. मग थ्रॉटल बंद करून दहापैकी आठ वेळा साफ केलेल्या पट्टीवर उतरवता आलं, आणि दोन्ही बाजूंनी आडवे आठ काढताना अंगठ्याला विचार करावा लागला नाही, की पैसे बाजूला काढायला लागा. तेव्हाही मुरडलेल्या टोकांचं आणि हलकं बघा, लोडिंग 60 च्या खालचं.

राहिली भाची. ट्रेनर विकू नका आणि त्यातला रिसीव्हर काढून नवीन विमानात घालू नका, म्हणूनच मी वेगळा रिसीव्हर धरलाय. ट्रेनर आता तिचं. तुमच्या रेडिओच्या मागे ट्रेनर केबलचं भोक आहे का ते पाहा, त्याच कंपनीचा जुना रेडिओ कोणाकडून तरी मागून घ्या आणि दोन्ही जोडा. तुम्ही स्विच धरून ठेवाल तोवर विमान तिच्या हातात, सोडला की तुमच्या. पहिल्या दिवशी उड्डाण आणि उतरणं तुम्ही करा, मधली तीन मिनिटं तिची. तिच्या उंचीला रेडिओ जड वाटेल, गळ्यात पट्टा घालायला द्या. आणि नवीन विमान बांधताना पंखाचे काळे पट्टे तिला रंगवू द्या, आकाशात ते तिलाच आधी ओळखू येतील.